पानिपतचं कातडं

मामांच्या वाड्याचा माळा रिकामा केला तेव्हा तांब्यापितळेची वाटणी विनातंटा झाली. अडलं ते एका कातड्यावर. वीतभराची चपटी, अर्धगोल, जाड थैली. झाकणाला बक्कल, पाठीला पट्टे ओवायची घरं, बाहेरच्या अंगाला एक रुंद, रिकामी चामडी पकड.

"पानिपत," मामा म्हणाले. आमच्या घराण्यात जुनं कातडं 1761 च्या अलीकडचं नसतंच.

एन.सी.सी.तल्या मामेभावाने "सॅम ब्राऊन" असा निकाल दिला आणि त्या साहेबाची कथाही ऐकवली. 1858 च्या लढाईत त्याचा डावा हात गेला. म्यान सावरायला हातच उरला नाही, म्हणून त्याने कमरपट्ट्याला खांद्यावरून जाणारा पट्टा जोडला. कथा खरी आहे, पण आमच्यापुढे पट्टा नव्हता, थैली होती. शेजारचे निवृत्त सुभेदार काडतुसांवर अडून बसले. पण 1903 च्या बंदोल्याचा, म्हणजे काडतुसांच्या पट्ट्याचा, एकेक कप्पा जेमतेम दहा गोळ्यांचा. इथे तर भाकरी मावली असती.

मामी एवढंच म्हणाल्या, "काय असेल ते, देवघरासमोरून हलवा." कातडं मऊ करायला गुरांच्या पायांपासून काढलेलं नीट्सफूट तेल उत्तम, हे मी त्यानंतर बोललोच नाही.

मोबाइलचा टॉर्च आत मारला. अस्तराला गंज लागला होता, तोही शिस्तीत: एकात एक बसलेल्या दोन कमानी, आणि कमानींवर खिळ्यांच्या भोकांएवढे ठिपके. झाकणाच्या उलट्या बाजूला ठसा होता. बाण, बाणाखाली इंग्रजी 'आय', म्हणजे हिंदी लष्कराची मालमत्ता. मग कानपूर, आणि 1917.

ही घोड्याच्या जादा नालांची थैली. मोहिमेवर स्वाराच्या खोगिराला ती बांधलेली असे. आत पुढच्या पायाची एक नाल, मागच्या पायाची एक, आणि खिळे. रानात नाल निखळली तर घोडा लंगडतो आणि स्वार पायदळात जमा होतो. बाहेरच्या पकडीत म्यान अडकवायचं.

एवढ्या माहितीतून मामांनी फक्त म्यान उचललं. "म्हणजे तलवार होती!"

"की नालबंद होते तुमचे आजोबा?" मामी.

वाड्यात शांतता पसरली. मामांचे आजोबा रिसालदार होते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. कागद मात्र कुणी पाहिलेला नाही. खरं तर रिसाल्यात नालबंदावाचून रिसालदाराचं पान हलत नसे, पण हे मामांना कोण सांगणार? मी मधला मार्ग काढला: थैली प्रत्येक स्वाराकडे असे, तिच्यावरून हुद्दा ठरत नाही. मामांनी लगेच काचेची पेटी करायला टाकली. पेटीवर काय लिहायचं, यावर चर्चा चालू असताना मामींना वेगळाच प्रश्न पडला.

"आतली नालांची जोडी कुठंय मग?"

मामा थबकले. मामांच्या धाकट्या काकांच्या उंबऱ्यावर एक जुनी नाल ठोकलेली आहे. वाटणीच्या वर्षापासून.

"मला वाटलंच होतं," म्हणत मामांनी चपला घातल्या.