बिनपरवाना बांधकाम
(एकपात्री प्रयोग)

(रंगमंचावर दाराची जुनी लाकडी चौकट. तिच्या पायथ्यापासून वर चढलेली मातीची बारीक नळी. कलाकार स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकतो. पोकळ आवाज.)

ऐकलंत? बाहेरून रंग शाबूत, आतून लाकूड गायब. मंडळी, आज नवी मुंबईच्या तळवली गावातल्या एका अनधिकृत बांधकामावर बोलायचंय. उठू नका, उठू नका! तुमची घरं गरजेपोटी वाढली, तो विषय मंत्रालयातला. मी बोलतोय या नळीबद्दल. नकाशा पास नाही, एफएसआयचा पत्ता नाही, मजूर सगळे आंधळे, तरी काम बरोबर चौकटीपाशी पोहोचतं. सिडको आली १९७० साली, महापालिका १९९२ साली. वाळवी या जमिनीत त्याच्याही आधीपासून. म्हणजे मूळची प्रकल्पग्रस्त तीच, आणि मोबदला ती स्वतःच वसूल करून घेते. साडेबारा टक्के भूखंडाच्या मोबदल्याची फाईल माळ्यावर ठेवलेली असेल, तर त्या फाईलचा निकाल सर्वांत आधी तीच लावेल. कागद काय, लाकूड काय, तिला दोन्हीत सेल्युलोजच दिसतं.

माझं म्हणणं सरळ आहे. वाळवी लाकडाला लागते, पण येते मातीतून आणि टिकते ओलाव्यावर. म्हणून लाकूड वाचवायचं असेल, तर आधी जमिनीकडे आणि भिंतीकडे बघा. पुरावा ही नळीच. कामकरी वाळवीची कातडी इतकी पातळ असते की उघड्या हवेत ती सुकून मरते. म्हणून माती, थुंकी आणि विष्ठा कालवून ती झाकलेली वाट बांधते. (नळीचा तुकडा पाडतो.) जवळ या. पांढुरके पळतायत ते कामकरी, तपकिरी डोक्याचे ते सैनिक. आता हे भगदाड तसंच ठेवा आणि उद्या बघा. बुजलेलं दिसलं, तर वाहतूक चालू आहे म्हणून समजा. आणि आपण काय करतो? झाडू घेतो, नळी पुसतो, हात झटकतो. अहो, ट्रान्स-हार्बरचे घणसोलीजवळचे रूळ उखडले म्हणून कारशेड बंद पडते का? राणी जमिनीखाली बसून रोज शेकड्याने, काही जातींत हजारांनी, अंडी घालतेय. तिला तुमच्या झाडूची बातमीसुद्धा पोहोचत नाही.

आता तुमचे आक्षेप. पहिला: ‘आमचं घर सिमेंटचं आहे.’ असू दे ना, सिमेंट ती खात नाही, पण तडा ती सोडत नाही. मिलिमीटरभर फट तिला पुरते. पाइप, वायरिंगची नळी, फरशी आणि भिंतीचा सांधा, सगळे तिचे हमरस्ते. दुसरा: ‘आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.’ लिफ्ट नाही म्हणून पाहुणे येत नसतील, वाळवी येते. डक्टमधला पाइप गळत असला की चढायला वाट आणि प्यायला पाणी, दोन्हींची सोय. तिसरा आक्षेप मोठ्या अभिमानाचा: ‘अस्सल सागवान आहे हो!’ सागाचा गाभा तिला खरंच नकोसा असतो. पण गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड ती आवडीने खाते, आणि चौकटीत सुतारानं काय बसवलंय ते रंगाखाली कुणाला दिसतंय?

चौथा आक्षेप घासलेटचा. ओतलं की वाळवी दिसेनाशी होते, हे खरं. पण ती मेली असं नाही, रस्ता बदलला. चौकट सोडून ती मागच्या भिंतीने कपाटात गेली, आणि घरात वास उरला तुमच्यासाठी. म्हणून जाणकार दिसेल तिथे फवारत बसत नाहीत. भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात बांधलेल्या घरांवरचा उपचार दिला आहे: फरशी आणि भिंतीच्या सांध्यात साधारण फूट-फूट अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची, औषध आत मुरवायचं आणि भोकं बुजवायची. इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधाचा वास वाळवीला लागत नाही. ती त्यातून निवांत चालते आणि घरी जाऊन भावंडांना चाटता चाटता प्रसाद वाटते. घर पाडून नवं बांधणार असाल, तर त्याच मानकाचा दुसरा भाग कंत्राटदाराला वाचून दाखवा: औषध पाया भरताना मातीत जायला हवं. नंतर टाइल्स फोडण्यापेक्षा ते केव्हाही स्वस्त.

‘मग औषध मारलं की सुटलो!’ हा शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात महागडा. कंपनीचा माणूस हमीचा कागद देतो. तो कागद वाळवीने वाचलेला नसतो, पण ती खाऊ मात्र शकते. औषध काही वर्षांनी विरतं, गळणारी मोरी विरत नाही. खाडी एका बाजूला, पारसिकचा डोंगर दुसऱ्या बाजूला, मध्ये चार महिने पाऊस: ओलावा तळवलीला विकत आणावा लागत नाही. म्हणून मोरीची गळती आधी थांबवा. एसीच्या पाण्याला भिंतीवरून सोडू नका. पुठ्ठ्याचे खोके जमिनीवर रचू नका. पहिल्या पावसानंतर ट्यूबलाइटखाली वाळवीच्या पंखांचा ढीग पडला, तर झाडून टाकण्याआधी चौकटी ठोकून बघा.

आणि एकट्याने करू नका. गावठाणात तुमची भिंत संपते तिथे शेजाऱ्याची सुरू होते, मध्ये हवा जायला जागा नाही. वाळवी सातबारा बघत नाही, भाऊबंदकी पाळत नाही. या भावाकडे औषध मारलं की त्या भावाकडे राहायला जाते. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांनाही तिने एकाच नळीने जोडलंय! तेव्हा मांडवाची वर्गणी काढता तशी आळीची मिळून वर्गणी काढा आणि सगळ्या घरांना एकाच आठवड्यात औषध करून घ्या. फक्त पावतीपुस्तक भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. नाहीतर वर्षअखेरीस हिशेब मागितला की खजिनदार म्हणेल, ‘वाळवीने खाल्ला’, आणि पहिल्यांदाच खजिनदार खरं बोलत असेल!

(चौकट पुन्हा ठोकतो. चौकट कोसळते. अंधार.)