तेरणेकाठचे वस्ताद

तेरणेकाठच्या मोठ्या गावात एक तालीम, एक भजनी मंडळ आणि या दोन्हींवर हक्क सांगणारे एक वस्ताद असायचेच. कानाच्या पाळ्या कुस्तीत मोडलेल्या, गळ्यात तुळशीची माळ. वय विचारलं की "सत्तरीच्या अलीकडंच" म्हणतात. थोरला मुलगा नोकरीतून निवृत्त झाला तरी या उत्तरात बदल झालेला नाही.

वस्तादांचा खरा छंद पुढारी घडवण्याचा. त्यांचं म्हणणं असं की, नुसती तालीम केलेला सरपंच ग्रामसभेत खुर्ची उचलतो आणि नुसतं भजन केलेला ती उचलणाऱ्याला देऊन टाकतो. "म्हणून अंगात जोर आन् गळ्यात सूर, दोन्ही असल्याबिगर माणसानं फॉर्म भरू नये," हा त्यांचा चावडीवरचा निकाल. वस्तादांच्या स्वतःच्या सुरातालाकडे आपण नंतर येऊ.

या विद्येला ते घरंदाज मानतात. परंडा तालुक्यात सीनेकाठी डोमगावला कल्याणस्वामींचा मठ आहे. समर्थांनी सांगितलेला दासबोध लिहून घेणारे ते हेच, आणि पाण्याचे अवजड हंडे घेऊन सज्जनगड चढणारे म्हणून कथा सांगतात तेही हेच. "हंडे वाहिलेला हात हुता, म्हणून लेखणी थरथरली न्हाई," हे वस्तादांचं भाष्य. ते कुठल्या ग्रंथात आहे, असं त्यांना विचारायचं नसतं.

निवडणूक जवळ आली की होतकरू तरुण पांढरे कपडे घालून पाया पडायला येतात. वस्ताद आशीर्वादाऐवजी फावडं देतात. हौद्यातली माती खणायची, त्यात ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती मळायची, मग जोर, मग बैठका. बरेच जण तिसऱ्या दिवशी थेट जिल्हा परिषदेचं तिकीट मागायला धाराशिव गाठतात. उरलेल्यांना सप्ताहात रात्री दोन ते चारचा पहारा मिळतो. वीणा गळ्यात घालून उभं राहायचं. ती खाली ठेवायची नाही. पुढचा आला की दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि वीणा त्याच्या गळ्यात घालायची.

"खुर्ची आशी सोडता आली पाहिजे," वस्ताद सांगतात.

"आन् पुढचा आलाच न्हाई तर?" एका होतकरूनं आशेनं विचारलं.

"तर झोप न येऊ देता हुबं ऱ्हायचं. पाच वर्षं तेच करायचं आसतंय."

२००७ साली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा गावानं अध्यक्षपद बिनविरोध त्यांना दिलं. बिनविरोध म्हणजे विरोध करायला कुणी पुढे आलं नाही. बांधावरून भांडणारे दोन सख्खे भाऊ त्यांच्यापुढं आले. वस्तादांनी बांधाचं नावच काढलं नाही. आधी दोघांना शंभर-शंभर बैठका काढायला लावल्या आणि मग तसेच हरिपाठाला उभे केले. शेवटच्या अभंगापर्यंत दोघांनाही एकमेकांच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. वस्तादांनी लगेच तडजोडनाम्यावर अंगठे घेतले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरीचं मैदान भरलं आणि शिवराज राक्षेनं गदा पटकावली. त्याच महिन्यात पुण्याजवळ फुलगावला दुसरं मैदान झालं आणि तिथं सिकंदर शेख केसरी झाला. कुस्तीच्या संघटना दोन, म्हणून एका महिन्यात केसरीही दोन. वस्ताद धाराशिवचं मैदान पाहून आले ते गंभीर होऊन. "पोरं दोन्ही एक लंबर. पर चालवणाऱ्यांना वीणेचा पहारा दिला पायजे," एवढंच बोलले.

आता सुरातालाकडे. वस्तादांच्या सुराबद्दल मतभेद आहेत, तालाबद्दल नाहीत. भजनात ते सगळ्यांच्या पुढे उभे राहतात आणि त्यांचा टाळ समेच्या आधी पोचतो. पखवाजाला बसणारा आठवीतला पोरगा धापा टाकत त्यांच्या मागे धावतो. चुकलाच तर वस्ताद त्याच्याकडे असं बघतात, की पखवाजाची शाई सुकावी. हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पण धोबीपछाड येणाऱ्या माणसाला ताल चुकल्याचं सांगणार कोण?

हरिपाठानंतर ते तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सांगतात. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून पाहिलं. सगळे शांत बसले, नामदेव तेवढे चिडले, आणि मडकं कच्चं निघालं. गोष्ट संपली की वस्ताद स्वतः थापटणं घेऊन रांगेतल्या होतकरूंची डोकी तपासतात. जो कळवळतो त्याचा फॉर्म पुढच्या निवडणुकीला.

यंदा रांगेच्या शेवटी त्यांची नात होती. ती तालमीत कुस्ती खेळते. तिनं डोक्यावर थापटणं सोसलं, मग तेच आजोबांच्या हातातून घेतलं आणि त्यांच्या पटक्यावर हलकेच आपटलं. "आबा, आता तुमचं!"

वस्ताद असे गरजले की गाभाऱ्यातली वटवाघळं बाहेर पडली. "आगं, वस्तादाच्या डोस्क्याला हात लावायलीस?"

देवळात चिडीचूप. माजी सरपंच, तीन होतकरू, सगळे एकदम चपला शोधायला लागले. तेवढ्यात पखवाजामागून बारीक आवाज आला, "कच्चं."

पोरगा रेवड्यांच्या कुस्त्यांतही दरवर्षी पडणारा. वस्ताद त्याच्याकडे चालत गेले. लोकांनी डोळे मिटले.

"ताल पण चुकतोय माझा?" वस्तादांनी विचारलं.

"हौ. रोज."

नामदेवांना पुढं विसोबा खेचर गुरू भेटले. वस्तादांना आठवीतला पखवाजवाला भेटला. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्यापुढं मांडी घालून बसतात. "वस्ताद, घाई करू नगा, माझ्या मागनं या," असं तो म्हणाला की मान खाली घालतात. शिकवणीची फी म्हणून मूठभर बदाम देतात.

वस्तादांचा टाळ समेवर यायला लागला की नाही, यावर गावात अजून दोन तट आहेत. मात्र अठरा ओलांडल्यावर त्या पोराला चार वर्षं हौदा खणायला लावायचा आणि मग सरपंचकीला उभा करायचा, हे बिनविरोध ठरलेलं आहे. या खेपेला खरंच बिनविरोध.