सावध नागरिकाचा सत्कार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतील काकांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. लिफ्टचे दार उघडले आणि आत आमचा आठ किलोंचा, धापा टाकणारा पग दिसला, की काका भाजीची पिशवी ढालीसारखी पुढे धरतात, ‘चावतो का हो?’ विचारतात आणि उत्तराला न थांबता सहा मजले पायी उतरतात.

कुत्र्यांना लिफ्टबंदी करता येत नाही, असे प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच कळवले. पण मंडळाला काकांच्या जिवाचे मोल काय ठाऊक! यापुढे पगने पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर पंजा उमटवून ‘चावणार नाही’ असे लिहून द्यावे. साक्षीदार दोन, शक्यतो मांजरे.

परवा काका असेच सुखरूप खाली पोहोचले. हेल्मेट आरशाला अडकवले, मोबाइल मानेत धरला आणि स्कूटर उलट्या दिशेने कर्वे रस्त्यावर घातली.

शेवटी जीव एकदाच मिळतो.