अण्णांचा घसारा आणि नवा लॅपटॉप

“काय वहिनी, चकलीची भाजणी भाजताय वाटतं? वास पार आमच्या हौदापर्यंत आलाय.”

“हो ना, पाडव्याच्या आत सगळं उरकायचंय. पण ताई, बरं झालं तुम्ही दिसलात. समोरच्या अण्णांनी नवीन लॅपटॉप घेतला म्हणे? काकू काल भाजीवाल्यापाशी सांगत होत्या, सत्तर हजार घातले म्हणून.”

“सत्तर कुठले हो, साठाच्या आतबाहेर. अण्णांची खरेदी काकू दहाने वाढवून सांगतात आणि स्वतःच्या साडीची तेवढ्यानेच कमी करून. मी अण्णांच्याच ऑफिसात बसते, बिल माझ्याच हातानं फाइलला लागलंय.”

“मग एवढे दिवस का थांबले? गणपतीतच घेणार होते ना?”

“आयकर रिटर्नांचा हंगाम नाही का! २०२५ ची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली, शेवटी आणखी एक दिवस वाढून १६ झाली. हंगामात मशीनला हात लावायचा नाही, हे अण्णांचं जुनं तत्त्व. हंगाम संपला तर पितृपक्ष चालू. काकू म्हणाल्या, पंधरवड्यात नवी वस्तू उंबऱ्याच्या आत येणार नाही. अण्णा म्हणाले, ३ ऑक्टोबर उलटला तर माझा घसारा अर्धा होईल.”

“घसारा काय असतो?”

“धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची किंमत दरवर्षी थोडी थोडी खर्चात टाकायची, तो घसारा. कॉम्प्युटरला ४० टक्के. पण मार्चअखेरपर्यंत वस्तू १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर त्या वर्षी निम्माच, म्हणजे २० टक्के. तर एकीकडे पितर, दुसरीकडे आयकर खातं. शेवटी सर्वपित्री झाली २१ सप्टेंबरला, २२ ला सकाळी घट बसले आणि दुपारी अण्णा दुकानात.”

“म्हणजे जीएसटी उतरला त्याच दिवशी! स्वस्त पडला असेल मग.”

“तीच तर गंमत. टीव्ही-एसीचा २८ चा १८ झाला. लॅपटॉपवर आधीपासूनच १८ होता, तो तसाच राहिला. दुकानात जो येईल तो विचारतोय, ‘लॅपटॉप कितीनं उतरला?’ दुकानदार सांगून सांगून दमला. अण्णांनी मात्र मुकाट्यानं बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घालून घेतला. ते क्लायंटकडून जीएसटी घेतात ना, त्यातून हा वळता होतो.”

“पक्के आहेत हो! पण जुना बिघडला होता का?”

“अजिबात नाही. २०१६ चा आहे, आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचा. मध्यंतरी फार रडायला लागला होता, चालू करून चहा घेऊन आलं तरी गोल फिरतच असायचं. तेव्हा आतली हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम ४ ची ८ केली. पळायला लागला. हार्ड डिस्क सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वाचते, साधी एसएसडी पाचशेच्या पुढे. लोक नुसत्या मंदपणाला वैतागून नवा घेतात, ते मला पटत नाही. त्याला औषध असतं, आणि स्वस्त असतं.”

“मग अडलं कुठे?”

“विंडोज १० वर. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा पाठिंबा बंद केला. मशीन चालू राहतं, पण सुरक्षेत नवी फट सापडली की ती बुजवायला कुणी येत नाही. विंडोज ११ घालावं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. अण्णांचा सहावा. आडमार्गानं घालून देणारे आहेत, पण ते अधिकृत नाही. पुढचे अपडेट येतीलच याची हमी नाही.”

“आमच्या ह्यांचा पण विंडोज १० च आहे की! फेकायचा का आता?”

“फेकताय कशाला? घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट ठेवलेत, त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन नाव नोंदवावं लागतं. भाऊजी पेपर वाचतात, गाणी ऐकतात, त्यांचं वर्ष निघेल. अण्णांकडे मात्र अख्ख्या गल्लीचे पॅन नंबर, बँकेची खाती, पासवर्ड. दुसऱ्याचा ऐवज सांभाळणाऱ्यानं अशी जोखीम घेऊ नये. म्हणून मीच मागे लागले.”

“आणि घेतल्यावर काय झालं? काकू म्हणत होत्या, दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडून बसलेले असतात.”

“बसणारच. विकत घेणं एका दुपारचं काम, बिऱ्हाड हलवायलाच वेळ लागतो. नवा उघडला आणि पहिल्याच झटक्याला अण्णांनी विचारलं, ‘सीडी कुठे घालायची?’ जागाच नाही! लेकीच्या लग्नाची सीडी हातात घेऊन उभे. मग लॅनची वायर आणली, तिलाही भोक नाही. शेवटी यूएसबीला लावायचा एक हब मागवला, त्यात लॅन आलं. सीडीसाठी बाहेरून जोडायचा ड्राइव्ह मिळतो, तो काकूंनी मागवायला लावला.”

“आणि ऑफिसचं काम?”

“त्यातलं टॅली आधी. एका मशीनपुरतं लायसन असेल, तर ते जुन्यावर सरेंडर करायचं आणि मग नव्यावर चालू करायचं. लोक उलटं करतात, जुना आधी कुणाला तरी देऊन टाकतात आणि मग फोनाफोनी. डेटाचं फोल्डर वेगळं उचलायचं, त्याचा बॅकअप पेन ड्राइव्हवर. डिजिटल सहीच्या टोकनचं तर त्याहून मजेशीर. अण्णा म्हणाले, ‘सही कॉपी करून घे नव्यात.’ अहो, ती कॉपी होऊच नये म्हणून तर टोकनमध्ये ठेवलेली असते! टोकन नव्याला लावायचं, त्याचा ड्रायव्हर घालायचा, पोर्टलला लागणारं सहीचं सॉफ्टवेअर घालायचं, झालं.”

“तुम्हाला बरं सगळं येतं.”

“नाही आलं तर पगार कोण देईल? पण खरी तारांबळ उडाली ती मराठीनं. अण्णांची पंधरा-वीस वर्षांची पत्रं, सोसायटीचे ठराव, भाडेकरार, सगळं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. त्या फॉन्टांत ‘क’ च्या जागी मुळात एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेलं असतं, फॉन्ट त्याला फक्त ‘क’ चं रूप देतो. नव्या मशीनवर फॉन्ट नसला, की भाडेकरार उघडल्यावर नुसता चिन्हांचा सडा. अण्णा घाबरले, म्हणाले व्हायरस आला.”

“अगं बाई! मग?”

“जुन्यातले फॉन्ट नव्यात घातले, अक्षरं जागेवर. पण हे तात्पुरतं. जे पुन्हा पुन्हा लागतं ते कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये घेतलं. त्यात जोडाक्षरं आणि रफार कधीकधी घसरतात, ते एकेक बघून दुरुस्त केलं. नवीन टायपिंग आता विंडोजमधल्याच मराठी कीबोर्डवर. इनस्क्रिप्ट आहे आणि ज्यांना रोमनमधून लिहायची सवय, त्यांना फोनेटिकही आहे.”

“बरं झालं. आमच्या मंडळाच्या पत्रिकाही तशाच जुन्या फॉन्टात आहेत.”

“आणखी एक सांगते, हे भाऊजींनाही सांगा. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगिन केलं, की बहुतेक मशीनची डिस्क आपोआप कुलूपबंद होते. चांगलंच आहे, चोरीला गेला तर डेटा जात नाही. पण दुरुस्तीत बोर्ड बदलला किंवा आतलं काही हललं, की ते ४८ आकडी किल्ली मागतं. ती त्या खात्यात ठेवलेली असते. खात्याचा पासवर्डच विसरलेला असेल, तर आपलाच डेटा आपल्याला मिळत नाही. अण्णांची किल्ली मी कागदावर छापून एलआयसीच्या फाइलमध्ये ठेवलीय.”

“आणि जुना काय केला? एक्स्चेंजमध्ये दिला का?”

“दुकानदार दीड हजार म्हणाला. काकू तिथंच कडाडल्या, ‘दीड हजारात हल्ली पैठणीची पिशवीसुद्धा येत नाही!’ मग परत आणला. महिनाभर हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, कारण काही ना काही राहिलेलं आठवतंच. सगळं आलं याची खात्री झाली, की डिस्क पूर्ण पुसून त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घालणार. फुकट असतं, जुन्या मशीनवर नीट चालतं. काकूंच्या भजनी मंडळाला यूट्यूब लावायला पुरेसं आहे.”

“ताई, आता माझं काम. आमच्या चिंगीला मेकॅनिकलला लागलाय नंबर, पाडव्याला तिच्यासाठी घ्यायचाय. ती म्हणते मॅकबुक हवा. वर्गात दोघींकडे आहे.”

“मॅकबुक उत्तम असतो, पण मेकॅनिकलला सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर लागतात आणि सॉलिडवर्क्स विंडोजवरच चालतं. आधी कॉलेजात विचारू दे, कुठली सॉफ्टवेअर शिकवणार. मग दुकानात जा. तिथं ‘आय-सेव्हन आहे’ म्हणून भुलवतील. त्या आय-सेव्हनच्या पुढचा आकडा वाचायचा. १३४२० असेल तर पहिले दोन आकडे पिढी, म्हणजे तेरावी. शेवटी यू असेल तर बॅटरी जपणारा, एच असेल तर जोरदार काम करणारा. जुन्या पिढीच्या आय-सेव्हनपेक्षा नव्या पिढीचा आय-फाइव्ह पुष्कळदा सरस असतो. २०२३ च्या डिसेंबरपासून इंटेलनं कोअर अल्ट्रा नावं काढलीत, तिथं आय दिसणारच नाही, म्हणून घाबरायचं नाही. आणि एएमडीचा रायझन दाखवला तर नाक मुरडू नका, चांगला असतो.”

“रॅम किती?”

“तिच्यासाठी १६ जीबी. रॅम म्हणजे ओटा आणि एसएसडी म्हणजे कोठीची खोली. कोठी भरली तर बाहेरून हार्ड डिस्क लावता येते, ओटा लहान पडला तर कामच अडतं. त्यातून हल्ली पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवता येत नाही. ‘स्लॉट मोकळा आहे का?’ हा एक प्रश्न विचारल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. एसएसडी ५१२ जीबी पुरे.”

“वजनाचं काय? ती बसनं जाणार.”

“दीड-पावणेदोन किलोच्या वर नको. चार्जर यूएसबी-सी असेल तर छान, एकच चार्जर पुष्कळांना चालतो. बिल चिंगीच्या किंवा भाऊजींच्या नावावर नीट घ्या. वॉरंटी कधी सुरू झाली ते सिरियल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तिथंच बघा, दुकानातच उघडून चालू करा. आणि चार वर्षं कॉलेज-बसमध्ये आपटणार आहे, तेव्हा अपघाती नुकसानीचं वाढीव संरक्षण असेल तर त्यावर खर्च करा, रंगावर नको.”

“म्हणजे सत्तरच्या आत बसेल?”

“बसेल, आणि काकूंना सांगताना पन्नास म्हणा, म्हणजे त्या गल्लीत साठ सांगतील. चिंगीला एवढंच बजावा: आधी आपलं काम काय ते ठरव, मग त्याला लागणारं मशीन घे. कंपनीचं चित्र झाकणावर असतं, काम झाकणाच्या आत होतं. आणि वहिनी, भाजणी करपतेय, पळा!”