जन्मस्थळाच्या रकान्यात अडकलेले

अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या अर्जात एक रकाना असा आहे, जिथे पदवी, पगार, अनुभव, भरलेला कर यांतलं काहीच कामी येत नाही. जन्म कुठल्या देशात झाला, एवढंच तिथे लिहायचं. नाशिकला जन्मलेला माणूस मध्यंतरी कॅनडाचा नागरिक झाला, तरी या रांगेत तो भारताच्याच खात्यात मोजला जातो. त्याच्या शेजारच्या टेबलावर, त्याच पदावर काम करणारा आइसलँडचा सहकारी काही वर्षांत कायमचा रहिवासी होतो. नाशिककराच्या मुलीचं कॉलेज संपत येतं, तरी त्याचा नंबर लागत नाही.

हे कुणा कारकुनाच्या आळसामुळे होत नाही. हा कायदा आहे आणि मला तो अन्यायकारक वाटतो.

१९९०च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० कार्डं ठरवून दिली. त्यात नवरा, बायको, मुलं सगळी धरलेली. म्हणजे प्रत्यक्ष नोकरदारांच्या वाट्याला निम्मीच्या आसपास. शिवाय कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांहून अधिक नाहीत. लोकसंख्या चार लाख असो की एकशेचाळीस कोटी, मर्यादा तीच. इतर देशांची न वापरलेली कार्डं कधी कधी भारतीयांकडे वळतात, पण रांग इतकी लांबली आहे की त्याने फारसा फरक पडत नाही. केटो इन्स्टिट्यूटच्या डेव्हिड बियर यांनी २०२३मध्ये केलेल्या हिशेबानुसार या रांगेत दहा लाखांहून अधिक भारतीय होते आणि नव्याने उभं राहणाऱ्याला शंभराहून अधिक वर्षं थांबावं लागलं असतं. एवढं आयुष्य कुणाला मिळतं?

बरं, या लोकांची पारख झालेली नाही असंही नाही. कंपनीला आधी जाहिराती द्याव्या लागतात, रविवारच्या वर्तमानपत्रातसुद्धा. या कामासाठी योग्य अमेरिकन माणूस मिळाला नाही, हे कामगार खात्यापुढे दाखवावं लागतं. तो अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती तुमची ‘प्रायॉरिटी डेट’. एडिसनपासून सॅन होजेपर्यंतच्या मराठी घरांत गप्पांमध्ये हमखास विचारलं जातं, “तुमची पीडी कधीची?” पुढे इमिग्रेशन खातं कंपनीचा अर्ज तपासून मंजूर करतं. माणूस लायक आहे, गरजेचा आहे, हे सरकारने मान्य केलं. आणि त्यानंतर त्याला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवलं.

दर महिन्याला व्हिसा बुलेटिन निघतं. कोणत्या तारखेपर्यंतच्या अर्जदारांना कार्ड मिळू शकेल, ते त्यात छापलेलं असतं. २०२५च्या अखेरीस ‘ईबी-टू’ या उच्चशिक्षितांच्या वर्गातल्या भारतीयांची ही तारीख २०१३च्या पुढे गेलेली नव्हती. त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट २०२२ची. कोविडमुळे कुटुंब वर्गातली कार्डं उरली, ती नोकरी वर्गाकडे आली आणि उन्हाळ्यात तारीख २०१४च्या डिसेंबरपर्यंत पोहोचली. लोकांनी वैद्यकीय तपासण्या उरकल्या, कागद भरले. ऑक्टोबरमध्ये तारीख २०१२वर आली आणि डिसेंबरमध्ये २०११वर. त्याआधी, २०२१च्या आर्थिक वर्षात सरकारला हजारो कार्डं वेळेत वाटता आली नव्हती. ती वायाच गेली. लाखोंची रांग दारात असताना!

या काळात माणूस एच-वन बी व्हिसावर राहतो. त्याची मुदत एरवी सहा वर्षांची, पण कंपनीचा अर्ज मंजूर झालेला असेल तर २०००च्या कायद्याने ती वाढवून मिळते. वाढवून मिळते म्हणजे मालकाच्या भरवशावर. नोकरी गेली की ६० दिवसांत दुसरी शोधायची, व्हिसाचा प्रकार बदलायचा किंवा देश सोडायचा. नोकरी बदलली तर जुनी तारीख सहसा राखता येते, पण जाहिरातींपासूनचं सगळं नव्या कंपनीने पुन्हा करायचं. पगारवाढ मागताना, वरिष्ठांशी वाद घालताना, स्वतःचा धंदा काढण्याचा विचार मनात येताना हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. मोठ्या कंपन्या ‘गुणवत्ता हवी’ म्हणून परिषदांमध्ये बोलतात. सहजी सोडून न जाणारा हुशार माणूस त्यांना परवडतो, हेही त्यांनी तिथेच सांगावं.

या कायद्याच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही. देशनिहाय मर्यादा काढली तर पुढची बरीच वर्षं बहुतेक कार्डं भारतीयांनाच जातील आणि फिलिपिन्सची परिचारिका खोळंबेल. खरं आहे. म्हणूनच नुसती मर्यादा काढून भागणार नाही, एकूण संख्या वाढवली पाहिजे आणि बायकामुलांना त्या संख्येबाहेर ठेवलं पाहिजे. २०१९मध्ये प्रतिनिधीगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मर्यादा हटवण्याचं विधेयक मंजूर केलं. २०२०च्या डिसेंबरमध्ये सिनेटने स्वतःचा वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही, मुदत संपली, विषय संपला.

इकडे पुण्यात, नागपुरात आईवडील अजूनही घर गहाण टाकून मुलांना एमएससाठी तिकडे पाठवतात. शिक्षणासाठी जरूर पाठवा. पण ‘शिकला की तिथेच स्थायिक होईल’ असं सांगणाऱ्या सल्लागाराला फी देण्याआधी बुलेटिनची तारीख विचारा. तो गप्प बसला तर उठून या. कॅनडाची गुणपद्धत जन्मदेश विचारत नाही, मात्र तिशीपासून वयाचे गुण कापत जाते. जर्मनीत ‘ब्लू कार्ड’ हा कामाचा परवाना असलेल्याला बी-वन पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करता येतो. दोन्हीकडे अडचणी आहेत, पण निदान अटी पूर्ण करणं माणसाच्या हातात आहे.

माझा खरा राग मात्र मुलांसाठी आहे. दोन-तीन वर्षांचं मूल आईवडिलांबरोबर तिकडे जातं, तिथल्या शाळेत शिकतं, त्याला आजीशी मराठीत धड बोलताही येत नाही. आणि एकविसाव्या वर्षी ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं. काही मोजक्यांना वयाच्या हिशेबात सवलत मिळते. बाकीच्यांनी विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, नाहीतर ज्या देशाची आठवणही नाही तिथे ‘परत’ जायचं. अशा जोखमीत वाढणाऱ्या मुलांची संख्या सुमारे अडीच लाख सांगितली जाते. यावरचा उपाय अवघडही नाही : अर्ज दाखल झाला त्या दिवशीचं मुलाचं वय कायम धरायचं. अशी तरतूद असलेलं विधेयक २०२१मध्ये आलं, २०२३मध्ये पुन्हा आलं. दोन्ही पक्षांचे लोक त्यामागे उभे होते. २०२२मध्ये तर प्रतिनिधीगृहाने या मुलांना संरक्षण देणारी दुरुस्ती संरक्षण खर्चाच्या विधेयकाला जोडून मंजूरही केली होती. अंतिम कायद्यातून ती गाळली गेली. ती गाळली गेली तेव्हा वीस वर्षांची असलेली, सवलत न मिळालेली मुलं आज त्या रांगेच्या बाहेर आहेत.