मुळशीत जेवायचे कसे : पाहुण्यांसाठी सूचना

पावसाळी रविवारी चांदणी चौक ओलांडून पौडकडे निघणाऱ्या तमाम पुणेकरांना कळविण्यात येते की, धबधबा पाहणे ऐच्छिक असून जेवणे सक्तीचे आहे. ते शास्त्रशुद्ध रीतीने बिघडविण्याची कृती पुढीलप्रमाणे.

साहित्य : दात ३२ (अक्कलदाढा धरून, अक्कल नसली तरी चालेल). लाळ, रोजची साधारण १ ते १.५ लिटर. जठर, एक नग. लहान आतडे सुमारे ६ मीटर, मोठे सुमारे दीड मीटर. चुलीवरचे मटण, तांदळाची भाकरी, आंबेमोहराचा भात. घाई, सढळ हाताने.

१. प्रथम आपले अधिकार समजून घ्यावेत. पचनाच्या कारभारात वरच्या टोकाला चावणे आणि गिळणे एवढी दोनच खाती मालकाकडे आहेत. घास घशाखाली उतरला की स्नायू, ग्रंथी आणि मज्जातंतू ताबा घेतात. मग थेट शेवटच्या दारापर्यंत तुम्हाला कोणी विचारत नाही. दोहोंपैकी चावण्याचे खाते तत्काळ सोडून द्यावे.

२. वाटेत भाजलेले कणीस घ्यावे. लिंबू-मीठ-तिखट चोळून दाणे तसेच गिळावेत. दाण्याच्या सालीतले सेल्युलोज पचवणारे विकर माणसाकडे नाही. साल दातांनी फोडली तरच आतला ऐवज शरीराला मिळतो. न फोडलेला दाणा दुसऱ्या दिवशी ओळखीचा चेहरा घेऊन परत भेटतो.

३. भात आला की दातांना रजा द्यावी. आंबेमोहर मऊ, हरकत घेत नाही. मात्र नुसता भात चुकूनही मिनिटभर चघळू नये. लाळेतले अमायलेज त्यातल्या पिष्टाची साखर करू लागते आणि घास हळूहळू गोड लागतो. असली चैन परवडणारी नाही. मागे लोक टेबल रिकामे व्हायची वाट पाहत उभे असतात. याच खोऱ्यातली भातखाचरे धरणाखाली जाऊ नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली सत्याग्रह झाला, माणसे तुरुंगात गेली. तो भात चार घासांत संपवायला आपल्याला कोणाची मनाई नाही.

४. मटणाचे तुकडे अख्खे उतरवावेत. जठरातले आम्ल आणि पेप्सिन त्यावर काम करतात, पण तुकडा जेवढा मोठा तेवढे काम लांबते. त्यात रश्शावर तेलाचा लाल तवंग. लहान आतड्याला स्निग्धांश लागला की ते जठराला ‘दमाने घ्या’ असा निरोप धाडते. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजघराकडे मापात सोडतात, तसे जठर आपला माल थोडा-थोडा पुढे सोडते. तुम्ही वरून ओतत राहावे.

५. पोट भरल्याची खबर मेंदूला पुरती पोचायला १५ ते २० मिनिटे लागतात. तेवढ्यात यजमानीणबाई भाकरीची टोपली घेऊन येतात. “घ्या की दादा अजून अर्धी. पावसाची हवा हाय, कुठं जात न्हाई!” खरेच कुठे जात नाही. घ्यावी.

६. जेवणानंतर सोडा पिऊन मोठी ढेकर द्यावी. ती बव्हंशी घाईत गिळलेली हवा आणि सोड्यातला वायू असते. पचनाची पावती नव्हे. लगेच झाडाखाली सतरंजीवर आडवे व्हावे, म्हणजे जठरातले आम्ल अन्ननलिकेत डोकावू शकते. त्याला ‘तिखट जरा जास्त होतं’ असे म्हणावे.

७. परतीला भूगावची वाहतूक कोंडी गाठावी. जठर भरले की मोठ्या आतड्याला हालचालीचा आपोआप इशारा जातो, तो नेमका इथे वठतो. आता शेवटच्या दाराचे खाते पुन्हा तुमच्याकडे आले आहे, सांभाळावे. मात्र मुळशीच्या चुलीला दोष देऊ नये. आजचे मटण अजून वरच्याच मजल्यांवर आहे. दारावर थाप मारणारा काल-परवा पुण्यात न चावता गिळलेला माल आहे. तक्रार घरच्या पत्त्यावर करावी.