वसुलीची बोट

गेल्या दिवाळीपासून आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप पाण्यावर तरंगतो आहे. कोणी मुंबई–गोवा–लक्षद्वीप करून येतं, कोणी सिंगापूर–पेनांग–फुकेत. चढतानाचे फोटो दुपारीच येऊन थडकतात: रेलिंग, गॉगल, फुलाफुलांचा शर्ट आणि मागे बोटीचं धूड. उतरतानाचा फोटो मात्र आजवर एकानेही टाकलेला नाही. उतरायच्या आदल्या रात्री बिल हाती पडतं, हे त्यामागचं कारण असावं.

ज्यांचा नंबर अजून लागायचा आहे त्यांच्यासाठी हा सल्ला. (फुकट आहे. बोटीवर यालाही माणशी दर लागला असता.)

सुरुवात 'सर्व समाविष्ट' या दोन शब्दांपासून करू. जाहिरातीत हे शब्द ठळक टायपात असतात आणि त्यांच्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी असते. त्या चांदणीचा माग काढत पानाच्या तळाशी जावं. तिथे कळतं की भाड्यात खोली, ठरावीक ठिकाणचं जेवण, नाचगाणी आणि पोहण्याचा तलाव एवढं धरलेलं आहे. बंदराचे कर बहुधा निराळे. दारू निराळी, आणि बऱ्याच बोटींवर कोल्ड्रिंकसुद्धा निराळं. वाय-फाय निराळं. किनाऱ्यावरची सहल निराळी, आणि बोटीच्या फोटोग्राफरने काढलेला तुमचाच फोटो तुम्हालाच विकत. मोठ्या परदेशी कंपन्यांच्या बोटींवर माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर बक्षिशी आपोआप खात्यावर चढते. चौघांचं कुटुंब आठवडाभर फिरलं तर हा आकडा ४० हजार रुपयांच्या घरात जातो. हॉटेलात बडीशेपेच्या वाटीत दहाची नोट ठेवताना आपल्यातला जो माणूस आधी वेटर बघतो आहे का ते पाहतो, त्याने हा आकडा निघण्यापूर्वीच बायकोला सांगून टाकावा.

नोटा मात्र बोटीवर कुठेच दिसत नाहीत. चढताना एक कार्ड देतात. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र, तेच पाकीट. खिशातून नोट गेली की माणसाला कळ येते. कार्ड टेकवलं की नुसतं 'टिंग' होतं. आमचे सेक्रेटरीकाका प्रत्येक 'टिंग'ची नोंद डायरीत करत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी डायरी सुटकेसच्या तळाशी ठेवली आणि मग त्यांची तब्येत सुधारली.

खोली निवडताना आपली माणसं हमखास बाल्कनी मागतात. मागा, पण पोटात ढवळत असेल तर बाल्कनीचा उपयोग वाकायला होतो. ज्यांना एसटीही लागते त्यांनी खालच्या मजल्यावरची, लांबीच्या मधोमध असलेली खोली घ्यावी. बोट पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे डोलते तेव्हा सर्वांत कमी हलतो तो मधला, खालचा भाग. वरच्या मजल्यावरची टोकाची महाग खोली सर्वांत जास्त हलते, म्हणजे जादा पैसे भरून जादा झोके. बोट लागण्यावरची गोळी ओकारी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही, ती डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. आल्याचा तुकडा चघळावा, नजर क्षितिजावर ठेवावी आणि तेवढा वेळ बुफेकडे बघू नये.

बिनखिडकीची आतली खोली सर्वांत स्वस्त. तिथे दिवा मालवला की मध्यान्हीलाही मिट्ट काळोख होतो. ज्यांना दुपारी दोन तास आडवं झाल्याशिवाय सुट्टी सुट्टीसारखी वाटत नाही, त्यांनी ती डोळे मिटून घ्यावी. खोलीच्या भिंती बहुतेक बोटींवर लोखंडी असतात, त्यामुळे हुकवाली दोन-चार लोहचुंबकं नेली तर कागदपत्रं, टोप्या, पिशव्या सगळं भिंतीला टांगता येतं. कपडे वाळत घालायला न्हाणीघरात पुष्कळदा एक ओढून काढायची दोरी असते. बाल्कनीच्या कठड्यावर टॉवेल वाळत घालू नका. तो वाऱ्याने उडतो आणि खालच्या मजल्यावरच्या बाल्कनीत एखाद्या गुजराती काकांच्या जेवणावर पसरतो.

सामान भरताना खरी पंचाईत चहाची होते. किटली, इस्त्री, कॉइल, एक्स्टेन्शन बोर्ड, उदबत्ती, निरांजन यांतलं काहीही बोटीवर चालत नाही. घरात आग लागली तर रस्त्यावर पळता येतं, भर समुद्रात रस्ता नसतो, एवढं साधं कारण आहे. काकूंना ते पटलं नव्हतं. त्यांनी विजेची किटली आधी सोलापुरी चादरीत गुंडाळली, मग चादर सुटकेसमध्ये, मग सुटकेसवर देवाचं नाव. एक्स-रे मशीनवरच्या पोऱ्याने सुटकेस उघडली, चादर उलगडली, किटली पाहिली आणि एका चिठ्ठीवर खोलीचा नंबर लिहून ती बाजूला ठेवून दिली. शेवटच्या सकाळी जप्त वस्तू परत देण्याचं टेबल लागतं. तिथे ओळीने मांडलेल्या किटल्या आणि इस्त्र्या पाहिल्या की जागतिकीकरण कळतं. त्यांत आपली वस्तू हुडकायला आपल्याला वेळ लागत नाही, कारण ती मामाकडून आलेली असते आणि तिच्या बुडाला तसं कोरलेलं असतं.

औषधं आणि पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा खोलीपर्यंत यायला संध्याकाळ होते, आणि तोवर तुम्ही तलावाकाठी फुल पँट घालून उभे असता.

आता पुणेकरांसाठी दोन शब्द. बोट संध्याकाळी सुटणार म्हणून सकाळी नाश्ता करून निघणारे लोक माझ्या पाहण्यात आहेत. एक्स्प्रेसवेवर घाटात एखादा ट्रक आडवा होतो, पुढे मुंबईत मेगाब्लॉक असतो, आणि बॅलार्ड पिअरचा दरवाजा बोट सुटण्याच्या बराच आधी बंद झालेला असतो. आदल्या दिवशी येऊन राहा. परदेशातून बोट पकडायची असेल तर विमानसुद्धा आदल्या दिवशीचंच घ्या. सिंगापूरहून निघून पेनांग-फुकेत करून परत सिंगापूरलाच येणार असाल, तर त्या देशात दोनदा शिरावं लागतं, तेव्हा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना ते पाहून घ्या. आणि जूनमधली ऑफर पाहून मोहात पडण्यापूर्वी कोळीवाड्यात चौकशी करा. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहिल्याखेरीज जे होड्या काढत नाहीत, त्यांना त्या पाण्याची माहिती ट्रॅव्हल एजंटपेक्षा थोडी जास्त आहे. मुंबईची क्रूझसुद्धा गेल्या काही वर्षांत पावसाळ्यात चेन्नईच्या बाजूला गेलेली आहे. तिला आपल्यापेक्षा अक्कल आहे.

चढल्यावर सगळे धावतात बुफेकडे. त्याआधी एक काम असतं, सुरक्षेच्या कवायतीचं: सात छोटे भोंगे, एक लांब, आणि ठरलेल्या जागी हजेरी. 'हे काय शाळेसारखं!' म्हणून आपली मंडळी टाळायला बघतात. एवढ्यापुरती थट्टा बाजूला ठेवतो. १३ जानेवारी २०१२ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळली आणि ३२ माणसं गेली; त्याच संध्याकाळी चढलेल्यांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. आणि आपल्याला तर इटलीपर्यंत जायचंही कारण नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, त्यात सहाशेहून अधिक माणसं गेली. तेव्हा भोंगा झाला की वाटी खाली ठेवा आणि जा.

हं, आता बुफे.

रात्री साडेअकराची वेळ. काकांच्या एका बशीत मसाला डोसा, पास्ता, दोन गुलाबजाम आणि कडेला, कोणाचं लक्ष नसताना घेतलेला, केकचा त्रिकोण. जेवून दोन तास झाले होते.

"अहो, भूक आहे का तुम्हाला?"

"भुकेचा काय संबंध? पैसे भरलेत."

"पण पोटाने काय पाप केलंय?"

"अगं, दिवसाचे माणशी अमुक इतके. तुझं धिरडं आणि कॉफी धरून आत्ताशी निम्मे झालेत."

पहाटे काका दोन्ही हातांनी पोट धरून बसले होते. त्यांचा आजार वसुलीचा होता. खराही होऊ शकला असता. बोटीवर नोरोव्हायरस पसरला की एका चमच्यावरून शंभर जणांच्या पोटात जातो, आणि दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरला तो फारसा जुमानत नाही. साबण आणि पाणी लावून हात धुवावे लागतात, जे आपल्याला आजीने फुकट शिकवलं होतं. जैन किंवा बिनकांदा-लसूण जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा. ऐन वेळी आचाऱ्याकडे जाऊन 'ह्यात काय काय आहे' विचारलं तर त्याने इमानदारीत सांगितलेलं उत्तर ऐकून उपास घडतो.

सकाळी सहा वाजता तलावाकाठच्या खुर्च्यांवर टॉवेल पडलेले असतात आणि माणसं खोलीत घोरत असतात. युरोप-अमेरिकेचे प्रवासी यावर फार चिडतात, आणि काही बोटींवर ठरावीक वेळानंतर बेवारस टॉवेल उचलूनही नेतात. आपल्याला त्याचं नवल नाही. एसटी फलाटाला लागण्याआधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांच्या कुळात आपण जन्मलो. टॉवेल म्हणजे तोच रुमाल, जरा खात्यापित्या घरचा.

बोट सुटली की फोन एअरप्लेन मोडवर टाका. किनाऱ्याची रेंज गेली की बोटीचं उपग्रहावरचं नेटवर्क फोनला आपसूक धरतं, आणि मग मावशींचा सुप्रभात, त्यावरचा गुलाब आणि गुलाबावरचं दव हे सगळं आंतरराष्ट्रीय भावाने उतरतं. एका घरात या गुलाबाचं बिल पाहून मावशींना ब्लॉक करण्यात आलं.

कॅसिनो बोट किनाऱ्यापासून लांब गेल्याशिवाय उघडत नाही. तिथे फक्त बघायला जाणाऱ्यांची संख्या मोठी असते, आणि ते बसून बघतात. बंदरात उतरलात तर बोटीच्या घड्याळाप्रमाणे चाला, स्थानिक वेळ निराळी असू शकते. बोटीच्याच सहलीला गेला असाल आणि ती लांबली तर बोट तुमची वाट पाहील. स्वतःच्या हिमतीने रिक्षा करून गेलात आणि उशीर झाला, तर डेकवर गर्दी करून लोक तुमचं धक्क्यावरचं धावणं मोबाइलवर टिपतील, टाळ्या वाजवतील आणि निघून जातील. लक्षद्वीपला वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे, तेव्हा उरलेली बाटली पिशवीत घालून उतरू नका.

लक्षद्वीपच्या उथळ पाण्यात मोठी बोट बेटाला लागत नाही. ती लांब उभी राहते आणि प्रवासी छोट्या बोटीत उतरतात. परवा एका पोरीने या उतरण्याचं वर्णन 'थरारक अनुभव' असं ग्रुपवर टाकलं, तेव्हा सोसायटीतल्या देवगडच्या आजी खो खो हसल्या. त्यांच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून निघालेली आगबोट कोकणातल्या कित्येक बंदरांत अशीच खोल पाण्यात उभी राही, आणि कडेवरची पोरं, ट्रंका, फणस, सासूबाई असं सगळं हलत्या पडावात उतरवावं लागे. पुढे 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' अशा बोटी आल्या, त्याही गेल्या. मग उरला तो मुंबई–गोवा रस्ता. त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि त्यावर समुद्राशिवायच बोट लागायची सोय झाली. जुन्या बोटीत डेकवर सतरंजी टाकून पडलं की वर आभाळ आणि बाजूला पाणी, बघायला दुसरं काहीच नसे. लोक नाइलाजाने रात्रभर समुद्र बघत.

हा नाइलाज आता दूर झाला आहे. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' २,४८,६६३ ग्रॉस टनांची आहे, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटीहून मोठी. (ग्रॉस टन हे वजनाचं नव्हे, आतल्या जागेचं माप, काका गेले चार महिने सगळ्यांना वजन म्हणून सांगत आहेत.) २० मजले, सात हजारांहून अधिक प्रवासी आणि सात तलाव. चारी बाजूंनी समुद्र असताना माणसाने त्यात बघू नये म्हणून इतका खर्च याआधी कोणी केला नसेल. आपल्याकडच्या बोटी लहान; पण अंताक्षरी, तंबोला आणि 'मिस्टर अँड मिसेस क्रूझ' एवढ्यावर आपण तेच साधतो. समुद्राचं 'टिंग' होत नाही. तो बिलात कुठेच धरलेला नाही, त्यामुळे त्याची वसुली कशी मांडायची हे काकांनाही उमगलेलं नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा उद्याचे कपडे आधी बाजूला काढा. टॉवेल गुंडाळून किनाऱ्यावर उतरलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. बिल आलं की रांगेत उभं राहून ओळ न् ओळ तपासा, चूक असेल तर उतरण्यापूर्वीच दाखवा, नंतर ईमेलवर कोणी कोणाला ओळखत नाही. काकांनी डायरी सुटकेसच्या तळातून काढली आणि पाऊण तास हुज्जत घालून एका लिंबू सोड्याचे पैसे परत मिळवले. पुन्हा म्हणून बोटीचं नाव काढणार नाही, असं त्यांनी काऊंटरवरच्या फिलिपिनो पोरीला मराठीत बजावलं. काऊंटरच्या शेजारी पुढच्या क्रूझचं आगाऊ बुकिंग चालू होतं, आजच भरले तर सवलत, शिवाय बोटीवर खर्चायला काही रक्कम खात्यात जमा. काका त्या फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"अहो, चला. बॅगा ठेवायच्यात बाहेर."

"थांब गं. पुढच्या वर्षीचं आत्ता भरलं तर ह्या वर्षीचं वसूल होतंय."